लेदानची परतवाट

४ ऑक्टोबर १९३४

आज सकाळी आकी सालोकांच्या समोर बसून लोखंड चावलं. जुन्या तलवारीचं पातं, आधी त्यांनी चावलं, मग मी. दाढ अजून ठणकतेय. मग इनी रिमोंगने दोघांच्या मनगटांना लाल दोरा बांधला, एक उकडलेलं अंडं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं, आणि झालं. आता गाथेतली लेदानची फौज घरी परत येईपर्यंत आम्ही दोघांनी घराखालच्या नदीवरून कुठंही जायचं नाही. गेलो तर देह जातो पुढे आणि जीव राहतो मागे, फौजेबरोबर, शत्रूच्या मुलखात.

मिशनच्या शाळेत मी पोरांना शिकवतो की असल्या गोष्टींना अर्थ नसतो. तरी पातं मी जरा जोरातच चावलं, हे इथं लिहून ठेवतो. कुणी वाचणार नाही.

आकी म्हणजे माझ्या आईचे काका. आमच्या केरापा नदीवर लेदानची अख्खी गाथा येणारे ते एकटेच उरलेत. इनी रिमोंग त्यांची बायको. आणि मी जांतिंग, मिशनचा मास्तर. पाच वर्षं ‘मांजर चटईवर बसलं’ शिकवतोय, ते मांजर काही अजून उठलेलं नाही. खालच्या किल्ल्यातले गोरे साहेब, तुआन पेलहम, मला यातून सोडवायला तयार आहेत. गाथा इंग्रजीत उतरवून द्यायची, ते छापून घेतील आणि राजधानीत, कुचिंगला, कचेरीत दुभाष्याची जागा मिळवून देतील. डिसेंबरात ते मायदेशी निघाले की संपलं, मग मला कोण विचारतो! पण काम पंधरवड्याचं. बिनघोर आहे.

९ ऑक्टोबर

काय माणूस आहे हा! आकी रात्री गात नाहीत हल्ली, सकाळीच बसतात, ओसरीवर, वीस कुटुंबांच्या आमच्या लांबघराच्या मधोमध. समोर बायका भात निवडत असतात, कोंबड्या फिरत असतात, आणि हे डोळे मिटून लेदानची फौज नावांत बसवतात. लेदान नुसता लेदान नाही. ‘ज्याच्या ढालीवर पाऊस थबकतो तो लेदान’. त्याचा भाऊ ‘अंगणातली सावली मोडणारा’. एकेका वीराला असं बिरुद, आणि प्रत्येक बिरुदात एखादा तरी शब्द असा, की जो बाजारात बोललात तर लोक तुम्हाला वेडा म्हणतील.

आणि इथंच माझी मजा आहे. माझं इंग्रजी म्हाताऱ्या पाद्रीबाबाच्या पेटाऱ्यातलं. तो वारल्यावर ती कसर लागलेली पुस्तकं मीच वाचली. त्यांत सगळे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे शब्द. पहिल्यांदा किल्ल्यात गेलो आणि पेलहमना म्हणालो, ‘दाऊ आर्ट वेल मेट.’ तो माणूस हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. “जांतिंग, माझ्या पणजीची पणजीसुद्धा असं बोलली नसेल रे!” मला फार लागलं. पण गाथेच्या दहा ओळी उतरवून दाखवल्या तेव्हा तेच म्हणाले, “नाही, हे असंच पाहिजे.”

असंच पाहिजे! आमच्याकडे ‘तिकडे’ला दोन शब्द आहेत, एक जवळच्या तिकडेला आणि एक दूरच्या, नुसतं बोट दाखवायच्या तिकडेला. आजच्या इंग्रजीत एकच. पण पेटाऱ्यातल्या इंग्रजीत दुसरा सापडला: ‘यॉन्डर’. आज लेदान टेकडीकडे बोट दाखवून उभा राहिला तेव्हा मी ‘यॉन्डर’ लिहिलं आणि मला एवढा आनंद झाला की समोर बसलेली इनी म्हणाली, “पोरा, पोटात दुखतंय का?”

१७ ऑक्टोबर

आज गाणं नाही. इनी म्हणते, नदीवर जाताना तिला केतुपोंग पक्षी डावीकडून ओरडलेला ऐकू आला, म्हणजे अपशकून. कालही तेच. परवा कुठलं तरी हरीण भुंकलं होतं.

केतुपोंगला दुसरी कामं नाहीत का?

२६ ऑक्टोबर

फत्ते! सलग तीन सकाळी आकी गायले, अगदी तरण्याबांड आवाजात. फौज सूर्याच्या काठावरच्या गावात घुसली, लेदानने तिथल्या सरदाराचं शिर उतरवलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्या बायका अशा किंचाळल्या, जणू शिर त्यांच्याच पदरात पडलं. अपाई जेलिमा, म्हणजे आमच्या घराचा म्होरक्या, त्याने स्वतः उठून आकींना तुआकचा, तांदळाच्या दारूचा, पेला दिला. “सालोक, तुझं गाणं ऐकून माझे गुडघे बरे होतात,” म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आणि तू रे, पाद्र्याच्या पोपटा, लिहिलंस का सगळं?”

लिहिलं. आता उरली फक्त परतवाट. पण ती सोपी नाही, हे मला माहीत आहे. शिर घेऊन निघालेली फौज आल्या वाटेने कधीच परतत नाही, तिथं शत्रू दबा धरून असतो. तिला वेगळ्याच वाटेने आणायचं. प्रत्येक नदीमुख, प्रत्येक टेकडी, प्रत्येक मुक्काम नाव घेऊन हाक मारायचा, क्रमाने. एक नाव सुटलं, तर त्या जागी कुणीतरी मागे राहतो. म्हणूनच परतवाट दुसऱ्या कुणी गाऊन पाहत नाही. चुकायची छाती कुणाला?

आठवडाभर लागेल. धरून चालू.

६ नोव्हेंबर

माझं घोडं इथंच पेंड खातंय. फौज शत्रूच्या गावातून निघाली, पहिल्या नदीपाशी आली आणि तिथंच मुक्काम ठोकून बसली. आज तिसऱ्यांदा तीच नदी. आकी नदीचं नाव घेतात, तिच्या पाण्याचं वर्णन करतात (सुंदर, वाद नाही), मग डोळे उघडून मला विचारतात, “हं, कुठं आलो आपण?”

मी सांगतो. ते मान हलवतात. “लक्ष आहे तर तुझं.” आणि उठून जातात.

परीक्षा घेताहेत माझी. मला कळत नाही का! आणि इनी लगेच मध्ये पडते. जेवायला चला, सुकी मासळी भाजलीय. पाहुण्यांना सुपारी द्या. आज काय म्हणे शेजारच्या घरात कुणाचा दात पडला, त्यामुळे गाणं बंद. दात!

माझा सरळ संशय तंबाखूवर आहे. मी किल्ल्यातून चांगली आणलीय आणि आकींची चिलीम माझ्या डब्यावरच चालते. गाथा संपली की डबा गेला. म्हाताऱ्याचं सगळं गणित तेवढंच.

१५ नोव्हेंबर

आज पळून जायचं ठरवलं. लिहायला लाज वाटते, पण ठरवलं.

बाजारहाटाला निघालेल्या लोकांच्या होडीत कागदांची गुंडाळी घेऊन बसलो. कुणी अडवलं नाही. तेच वाईट. इनी घाटावर कपडे खळबळत होती, तिने फक्त मान वर केली. होडी प्रवाहाला लागली आणि माझी नजर मनगटावरच्या दोऱ्यावर गेली. देह पुढे, जीव मागे. ‘थांबवा’ म्हणालो. होडीवाले हसायला लागले. “मास्तर, एवढं इंग्रजी शिकलात आणि पोहून परत?” कमरेएवढ्या पाण्यातून कागद डोक्यावर धरून काठाला आलो.

इनीने हात पुढे केला, वर ओढून घेतलं. “बरं केलंस,” एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. माझ्यासाठी कशाला रडते ही? मी तिचा कोण मोठा लागून गेलो.

शाळेत काय शिकवलं आणि पायांनी काय केलं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

२८ नोव्हेंबर

पाऊस, पाऊस. कागदांना बुरशी. नदी रोज गढूळ आणि रोज वीतभर वर. दिवसभर ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, वीस खोल्यांची दारं, वीस चुली, प्रत्येकीपुढे कुणीतरी विचारतं, “जेवलास का?” विचारणाऱ्याचा गळा धरावासा वाटतो. चांगली माणसं आहेत सगळी. म्हणूनच असह्य होतं.

आज आकी आंघोळ करून परत येताना भलत्याच खोलीत शिरले आणि तिथल्या चटईवर जाऊन बसले. त्या घरची सून हसली, म्हणाली, “आकी, सकाळी सकाळीच तुआक?” इनी धावत आली, तीही मोठ्याने हसली, “हो ना, बघ बाई, लपवून ठेवलेला घडाच शोधून काढला,” आणि हाताला धरून घेऊन गेली. मला आकींच्या तोंडाला वास काही आला नाही. पण म्हातारी बोलली म्हणजे असेल.

तोवर मी काय करतो? बसून शब्द घासतो. ‘लवकरच’साठी पेटाऱ्यात ‘एफ्टसून’ आहे. ‘घडणं’साठी ‘बिटाइड’, ‘खरोखर’साठी ‘फॉर्सूथ’, ‘एके काळी’साठी ‘व्हाइलम’. तोंडात घोळवले तर गोड लागतात, जुन्या गुळाच्या खड्यासारखे. आज ‘व्हाइलम’ मोठ्याने म्हटलं तर आकींनी मान वळवली. “काय म्हणालास? फिरून म्हण.” म्हटलं. त्यांनी तो स्वतःच्या तोंडात घोळवून पाहिला. “चांगला आहे. खोल आहे. कुठला?” मी म्हणालो, गोऱ्यांच्या मेलेल्या लोकांचा. “मग बरोबर,” म्हणाले.

९ डिसेंबर

तुआन पेलहम स्वतः आले! एवढ्या पुरात, चिखलाने माखून. मला न्यायलाच आलेत. उद्या सकाळी होडी खाली जाणार, आणि वीस तारखेला कुचिंगहून त्यांची बोट आहे.

ओसरीवर चटई टाकली, तुआक दिली, कोंबडा कापला. मग त्यांनी माझे कागद वाचले. मध्येच हसले, मध्येच थांबून तीच ओळ पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, “जांतिंग, हे असं कुणीच लिहिलेलं नाही. ते शिर उतरवतात तिथं संपव. झकास शेवट आहे. पुढे हवंय कशाला? घरी कसे गेले, हे कुणाला वाचायचंय?”

माझ्या डोळ्यांपुढे कुचिंगची कचेरी उभी राहिली. टेबल, खुर्ची, वर फिरणारा पंखा. खरं सांगतो, त्या क्षणी मी ‘हो’ म्हणालो होतो.

आकींनी विचारलं, “तुआन काय म्हणतात?”

मी सांगितलं. म्हणतात, विजय झाला तिथं थांबलं तरी चालेल.

“आणि पोरांना तिथंच टाकायचं?” आकी म्हणाले. आधी रागाने, मग पुन्हा एकदा तेच, पण अगदी बारीक आवाजात. मग त्यांचा चेहरा आक्रसला आणि ते रडायला लागले, चारचौघांत, ओसरीवर. आमच्यात पुरुष असा रडत नाही. अपाई जेलिमा मान फिरवून सुपारी कातरायला लागला. पेलहम मला विचारताहेत, मी काही चुकीचं बोललो का?

इनीने मला दंडाला धरून चुलीपाशी नेलं.

“त्यांना वाट माहीत नाही रे, पोरा.”

“म्हणजे?”

“गेल्या वर्षापासून. आधी नावं गेली, मग टेकड्या गेल्या. आता नदीपर्यंत येतात आणि पुढे अंधार. तू आलास तेव्हा म्हणाले, गाऊन बघतो, गाता गाता सापडेल. नाही सापडली. पक्षी-बिक्षी काही ओरडत नव्हता. मीच सांगत होते, त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून.” तिने पदराने नाक पुसलं. “रोज सकाळी उठून मला विचारतात, पोरं आली का गं घरी? त्यांना वाटतं, आपण वाट विसरलो म्हणून ती सगळी तिथं थंडीत बसलीत. त्यांचा स्वतःचा जीवही त्यांच्यातच बसलाय. असेच गेले ना, जांतिंग, तर मेल्यावरसुद्धा घरी यायचे नाहीत.”

आणि मी तंबाखूचा हिशोब करत होतो. गाढव आहे मी, दुसरं काय.

“तू सुटायला मोकळा आहेस,” इनी म्हणाली. “दोरा मी कापून देते. पाप माझ्या डोक्यावर.”

१० डिसेंबर

होडी घाटाला लागली होती. पेलहम टोपी घालून उभे. मी त्यांना म्हणालो, “तुआन, थोडं थांबा,” आणि जाऊन आकींच्या समोर मांडी घातली.

“आकी, मी घेऊन येतो त्यांना.”

“तुला वाट माहीत आहे?”

“आहे.”

धडधडीत खोटं. मला एकही नाव माहीत नव्हतं. आलेल्या वाटेची नावं चालणार नव्हती. आपल्या खऱ्या नद्यांची नावं घेतली असती तर ओसरीवरचं शेंबडं पोरही म्हणालं असतं, ही तर मामाच्या गावची नदी. नावं अशी पाहिजेत की ती कुणी वापरत नाही, आणि तरी ती कुठेतरी असली पाहिजेत. मग माझ्याजवळ होतं काय? पेटाराच की.

डोळे मिटले. लेदानला बिरुदाने हाक मारली, आकी मारतात तशी. आणि म्हणालो, ऊठ, पहिल्या नदीवरून ऊठ, आता व्हाइलमच्या मुखाशी ये, जिथलं पाणी मागे वाहतं. आवाज फाटला. कुणी हसलं नाही. व्हाइलमवरून बिटाइडच्या टेकडीवर. तिथं फौजेने तांदूळ शिजवला. मग एफ्टसूनचा धबधबा, होड्या उचलून न्या, शिर ओलं होऊ देऊ नका. फॉर्सूथच्या रानात मधमाश्या लागल्या (हे आपोआप सुचलं, बायका ‘अगं बाई’ म्हणाल्या). एकेका वीराला नावाने मोजून पुढे काढत होतो. कुणी राहिला तर? गातागाता मलाच खरी भीती वाटायला लागली, म्हणून ‘सावली मोडणाऱ्या’ भावाला दोनदा हाक मारली.

आकी डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. एफ्टसूनपाशी ते हळूच म्हणाले, “हां. तिथं निसरडं आहे.”

पेलहम आमची भाषा फार जाणत नाहीत, पण ते शब्द त्यांच्या कानावर पडत असणारच. मी एकदा डोळे उघडून बघितलं तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. नावाडी ओरडायला लागले, पाणी चढतंय म्हणून. पेलहम पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, कागद घेतले आणि गेले. जाताना इनीच्या कानात तोडक्यामोडक्या भाषेत सांगून गेले, वीस तारखेच्या आत कुठल्याही होडीने पाठव त्याला.

सगळ्यांत शेवटी यॉन्डरची खिंड. तिथून घराचा धूर दिसतो. मग आपला घाट, आपली शिडी, एकेक पाय. मी शेवटचा माणूस आत घेतला तेव्हा दुपार कलली होती. आकींनी दोन्ही हात जमिनीवर टेकले, भरपूर श्वास घेतला आणि म्हणाले, “भूक लागलीय.”

इनीने दोन्ही दोरे कापले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “वाट कुठं शिकलास रे?”

“पाद्रीबाबाच्या पेटाऱ्यात.”

“शहाणा होता हो तो माणूस. उगाच हसायचो आम्ही त्याला.”

ते शब्द पुस्तकात घालता येणार नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. इंग्रजी वाचणारा हसेल. म्हणेल, ‘एके काळी’ नावाची नदी? ‘लवकरच’ नावाचा धबधबा? ही वाट फक्त इथंच चालते.

११ डिसेंबर

गाठोडं बांधलं होतं. मिरी घेऊन खाली जाणारी होडी मिळाली होती. निरोप घ्यायला आकींपुढे बसलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाबरलेल्या डोळ्यांनी. “पोरं आली का रे घरी?”

“आली ना आकी. काल नाही का आणली आपण?”

“कधी? मला कुणी सांगितलं नाही.” मग हात धरला. “थंडी पडलीय तिकडे.”

इनी तोंड फिरवून चुलीत फुंकर घालत राहिली. विझलेली नव्हती चूल.

मी गाठोडं ठेवलं आणि व्हाइलमच्या मुखापासून सुरुवात केली.

१९ डिसेंबर

वीस तारीख गाठू शकेल अशी शेवटची होडी आज गेली. हाताला दोरा नाही, वाटेत केतुपोंग नाही, कुणाची आडकाठी नाही. दारं सताड उघडी आणि मी आत. रडलो थोडा, घाटामागे जाऊन. त्या खुर्चीसाठी, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी ते विचारतात, रोज मी आणतो. असा किती दिवस बांधला जाणार मी? ते मरेपर्यंत? म्हणजे मी त्यांच्या मरणाची वाट बघतोय का? हा विचार आला आणि जेवण गेलं नाही.

अपाई जेलिमाने आज सांगितलं, वरच्या अंगाच्या घरात सणाला गायला बोलावलंय. आकींना नाही, मला. “पोपट नाही आता तू,” म्हणाला. मला तर पिंजऱ्याला आणखी एक काठी लावल्यासारखंच वाटलं.

५ जानेवारी १९३५

आज अंगात कणकण होती, गाण्यात जीव नव्हता. आकींनी विचारलं, मी सुरू केलं, कधी एकदा संपतंय असं झालेलं. व्हाइलमच्या मुखाशी ये, म्हणालो. मग धबधब्याच्या वर ये, म्हणालो.

“थांब.”

आकींनी डोळे उघडले होते. सकाळी त्यांनी इनीला ‘तू कोण’ म्हणून विचारलं होतं. पण आत्ता ते माझ्याकडे असे बघत होते, जसे पहिल्या दिवशी, पातं हातात देताना बघत होते.

“चुकतोयस. मध्ये टेकडी आहे. बिटाइडची. फौज तिथं भात शिजवते.” आणि रागाने मांडीवर हात मारला. “असा गाशील तर एखादं पोरगं मागे राहील ना रे! सरक. मी सांगतो.”

त्यांनी डोळे मिटले आणि टेकडीवरून सुरुवात केली. एफ्टसून आला, फॉर्सूथ आला, मधमाश्याही आल्या. इनी चुलीपासून उठून दारात आली आणि उभ्याउभ्याच रडायला लागली. यॉन्डरच्या खिंडीत आकी थांबले, धूर दिसला असावा, आणि मग एकेकाला नावाने हाक मारत सगळे घरी आणले. शेवटी माझंही नाव घेतलं.